फुकटची होडी

माझ्या बायकोच्या उजव्या हाताची दोन बोटं उत्तनजवळच्या पाली बंदराच्या धक्क्याशी गेली. अंगठ्याच्या शेजारची दोन. इतकी वर्षं झाली, तरी कुणी सहलीचा विषय काढला की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, अपघात होता. होताच. पण अपघातालाही मालक असतो. तो मालक कायद्याने ठरवून घ्यायला आम्हाला ठाण्याला किती खेपा माराव्या लागल्या आणि तिथे एका दुपारी माझ्यावर काय वेळ आली, ते सोसायटीतले लोक आपापल्या परीने सांगत असतात. त्यात हसण्यासारखं जेवढं असेल तेवढंच सांगतात. म्हणून सगळं एकदा मीच सांगतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. आम्ही भाईंदर पूर्वेला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. माझा धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. मुंबईत जुनी घरं पाडायची, तिथून सागवानी दारं, चौकटी, गज उचलायचे आणि पेणकरपाड्याच्या रस्त्याला माझ्या शेडमध्ये आणून विकायचे. बापाने मला काही ठेवलं नव्हतं. सुरुवातीला दारं डोक्यावरून वाहिली, मग विकली. भांडवल बायकोचं. ती ब्लाउज शिवायची. आमच्या बिल्डिंगमध्ये आणि आजूबाजूच्या चार बिल्डिंगांत बायका दुसऱ्या कुणाकडे जात नसत. तिची कात्री कापडावर चालायला लागली की मी बघत बसायचो. खडूची रेघ आखायची फक्त नवख्या गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

सोसायटीची सहल ठरली तेव्हा सेक्रेटरी माझ्याकडे आला. उत्तनच्या बाजूला एका माणसाने नारळाच्या वाडीत झोपाळे, शॉवर आणि जेवणाचा मांडव टाकून सहलीचं ठिकाण काढलं होतं. सेक्रेटरी म्हणाला, "शेठ, भाव तुम्हीच करायचा. आम्ही गेलो तर तो आम्हाला सोलून काढेल."

मी गेलो. बायकोला बरोबर घेतलं, कारण जेवण कसं असेल ते तिला वासावरून कळतं. वाडीवाला खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्याने चप्पल हलवत होता. त्याने थाळीचा भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. तो हसला, मी उठलो, त्याने बसवलं, मी पुन्हा उठलो. असं होत होत तो बराच खाली आला आणि एका जागी थांबला.

"इसके नीचे नाही, शेठ. बोलू नका. माझा आचारी पळून जाईल."

माणूस खरंच थांबला की नुसता दम खातोय, हे मला कळतं. हा खरंच थांबला होता. फाटकावर मोठ्या अक्षरात 'समुद्राची सैर' असं रंगवलेलं मी येताना पाहिलं होतं. मी म्हटलं, "मग होडी टाका यात."

"होडीचे पैसे अलग असतात."

"थाळीचा भाव तुमचा, होडी माझी. बोला."

त्याने डोळे बारीक केले, मग हात पुढे केला. "ठीक. पण थाळीत आता एक पैसा कमी नाय होणार. जेवढी माणसं तेवढ्या थाळ्या. होडी तुमची."

हात मिळवले. बायको शेजारी बसून लिंबू सरबत पीत होती.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. माल कितीला घेतला ते खरं कुणाला सांगायचं नाही. कमी सांगायचं. म्हणजे बाजारात तुमची ऐट राहते आणि पुढचा माणूस तुमच्याशी भाव करताना आधीच घाबरलेला असतो. घरी आल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि म्हटलं, "होडी फुकट काढली." टाळ्या पडल्या. एकाने शिट्टी वाजवली. सेक्रेटरी म्हणाला, "शेठ, तुम्ही समुद्रसुद्धा निम्म्या भावात आणाल."

सहलीच्या दिवशी जेवण चांगलं झालं. मग सगळे पालीच्या धक्क्यावर गेलो. होडी मासेमारीची, पालीच्याच एका तांडेलाची. म्हणजे होडी त्याची, सुकाणूही तोच धरणार. डिझेल वाडीवाला भरायचा आणि गिऱ्हाइकं वाडीवाला पाठवायचा. आमची गर्दी बघून तांडेल वाडीवाल्याला म्हणाला, "दोन फेऱ्या करूया. एवढी मानसं एका टायमाला न्हाय व्हायची."

"एकच फेरी," वाडीवाला म्हणाला. "डिझेल काय तुझा बाप देतो?"

तांडेलाने होडी धक्क्याला ओढून धरली. आम्ही सगळे चढलो. बसायला फळ्या नव्हत्या, जाळ्यांच्या ढिगावर आणि काठाला धरून जो तो बसला. समुद्र शांत होता. गाणी झाली. परत येताना ओहोटी लागली होती, धक्का पाण्यापेक्षा उंच झाला होता. होडी धक्क्याजवळ आली आणि सगळे एकदम उठले, जसे स्टॉप आल्यावर बसमध्ये उठतात. तांडेल ओरडला, "बसा! बसा! हात आत घ्या!" कुणाला ऐकू गेलं नाही. होडी धक्क्याच्या बाजूला कलली. बायकोचा तोल गेला, तिने होडीचा काठ धरला. त्याच वेळी एक लाट खालून आली.

ती ओरडली नाही. हे मला अजून समजत नाही. दगडावर लाकूड आपटल्याचा आवाज झाला, आणि ती आपल्या हाताकडे बघत राहिली. जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे आणि कुणीतरी तिला तो धरायला दिलाय. मीही बघत राहिलो. तांडेलाने आपल्या खांद्यावरचा पंचा तिच्या हाताला गुंडाळला आणि मला गदागदा हलवलं, "अरे, काय बघतोस! उचल तिला!"

डॉक्टरांनी बोटं वाचवायचा प्रयत्न केला. वाचली नाहीत.

काही दिवसांनी मी वाडीवर गेलो. माझी कल्पना अशी होती की तो माणूस खाली मान घालून उभा राहील. तो उभा राहिला खरा, पण पाणी मागवून म्हणाला, "भाभींना कसं आहे? फार वाईट झालं. पण शेठ, होडी माझी नाय ना. पालीवाल्याची आहे. त्याला पकडा."

"तुझ्या फाटकावर होडी रंगवलीय!"

"फाटकावर मोरपण रंगवलाय. मोर माझा आहे काय? आणि भाभींनी हात बाहेर काढला, त्याला मी काय करणार? बाकी एवढी माणसं होती, त्यांची बोटं आहेत ना जागेवर?"

त्याच्या नोकरांनी मला धरलं नसतं तर त्या दिवशी उलटी केस झाली असती.

तांडेल मात्र आपणहून आमच्या घरी आला. आपल्या बायकोला घेऊन आला, टोपलीत पापलेट होती. दारातच उभा राहिला. म्हणाला, "चूक माजी हाय. मालक न्हाय बोलला म्हनून मी ऐकलं. ऐकाया नको व्हतं. सुकाणू माज्या हातात व्हतं."

मी त्याच्यावरही ओरडलो. तोवर मी एक वकील गाठला होता, त्याने सांगितलं होतं, कुणाकडून काही घ्यायचं नाही. मी टोपली परत केली. ते दोघं जिना उतरून गेल्यावर बायको म्हणाली, "तो आला तरी. मला पैशाचं काही नाही. त्या वाडीवाल्याच्या तोंडून मला एकदा ऐकायचंय की चूक त्याची होती. तो सगळीकडे सांगत फिरतोय, बाईने हात बाहेर काढला. मी काय खेळायला काढला?"

तिच्या शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. ती चादर काढायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.

वकील भाईंदर स्टेशनजवळ, एका स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर बसायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ग्राहकांसाठी नवा कायदा झालाय, ठाण्याला मंच आहे, तिथे जाऊ. दिवाणी कोर्टात गेलात तर निकाल तुमची नातवंडं ऐकतील. "पण एक गोष्ट," तो म्हणाला. "हा कायदा पैसे देणाऱ्याचा आहे. पैसे देऊन सेवा घेतली आणि सेवेत कसूर झाली, तर भरपाई. फुकट घेतलं असेल तर तुम्ही ग्राहकच नाही. होडीचे पैसे दिले होते ना?"

"थाळीतच होते."

"झालं तर. तेवढंच सांगायचं. जास्त बोलायचं नाही. तुम्हाला बोलायची सवय आहे, म्हणून सांगतो."

वाडीवाला आणि तांडेल, दोघांवर तक्रार दाखल झाली. तांडेलाला सोडा असं बायको म्हणत होती. वकील म्हणाला, तो नसेल तर वाडीवाला सगळं त्याच्यावर ढकलून मोकळा होईल. मग तारखा. तारखेला गेलं की समोरचा वकील आजारी, नाहीतर कागद आलेले नाहीत. शेवटी एकदा सुनावणी झाली.

मंचावर तिघं होते. मध्ये निवृत्त न्यायाधीश, अध्यक्ष, शेजारी एक सदस्य, आणि दुसऱ्या बाजूला सदस्यबाई. आमच्या बाजूने धीर द्यायला सेक्रेटरी आला होता, इस्त्रीचे कपडे घालून. तांडेल मागच्या बाकावर एकटा बसला होता. वाडीवाल्याच्या वकिलाने सुरुवातच अशी केली की होडीची फेरी ही सेवाच नव्हती. पाहुण्यांना खूश करायला मालकाने आपुलकीने घडवलेली सैर होती, तिचा एक पैसा घेतला नव्हता. सबब या बाई ग्राहक नाहीत आणि हे प्रकरण इथे चालू शकत नाही.

माझा वकील उठणार, तेवढ्यात सेक्रेटरी उभा राहिला. त्याला वाटलं, माझी बाजू पडतेय.

"साहेब, मी सोसायटीचा सेक्रेटरी. आपुलकी-बिपुलकी काही नाही. आमचे शेठ भाव करण्यात एकदम वाघ. होडी यांनी अक्कलहुशारीने फुकट पाडून घेतली. सगळ्या सोसायटीला माहितीय, मीटिंगमध्ये टाळ्या वाजवल्यात आम्ही."

माझ्या वकिलाने डोळे मिटले. समोरचा वकील सेक्रेटरीला चक्क हात जोडून म्हणाला, "धन्यवाद."

आणि वाडीवाला हसून म्हणाला, "साहेब, यांच्याकडून होडीचे पैसे कोण घेणार? या माणसाने त्या दिवशी मला धुऊन काढलं. एवढी वर्षं धंदा करतो, असा गिऱ्हाईक नाय बघितला."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. होडीचे किती पैसे दिले?"

मला वकिलाने पढवलं होतं. मला कायदा समजला होता. माझी बायको हात पदराखाली घेऊन माझ्या शेजारी बसली होती. आणि तरी त्या भरल्या खोलीत, वाडीवाल्याच्या तोंडून माझं ते कौतुक ऐकल्यावर, जे बाहेर पडलं ते असं:

"एक पैसाही दिला नाही, साहेब."

माझ्या आवाजात ऐट होती. मी ती स्वतःच्या कानांनी ऐकली. वाक्य संपलं, आणि मी काय बोलून बसलो ते मला कळलं. वाडीवाल्याने मला बरोबर ओळखलं होतं. पहिल्या दिवशी त्या खुर्चीत बसून चप्पल हलवतानाच ओळखलं असेल. माझा वकील कागद गोळा करायला लागला. मला कुणीतरी भर चौकात थोबाडीत मारावी तसं झालं, आणि मारणारा दिसेना.

बायको उठली. वकिलाने तिला बसायची खूण केली, पण तिने तिकडे बघितलंच नाही.

"साहेब, मी बोलू का? भाव झाला तेव्हा मी तिथेच होते."

अध्यक्षांनी मान डोलावली.

"यांना आजवर कुणी काही फुकट दिलेलं नाही," ती म्हणाली. खोलीत कुणीतरी हसलं. "यांनी थाळीचा भाव पाडत आणला. हे थांबले नसते. त्या मालकांनी होडी कबूल केली, तेव्हा हे थांबले. मालक काय म्हणाले, थाळीत आता एक पैसा कमी होणार नाही. मग ती होडी फुकट कशी? आम्ही भाजी घेतो, वर कोथिंबीर मागतो. भाजीवाला देतो. ती काय त्याच्या घरची असते? भाजीच्या भावात त्याने आधीच धरलेली असते."

सदस्यबाई पहिल्यांदाच पुढे झुकल्या. "आणि भाजी न घेता नुसती कोथिंबीर मागितली तर?"

"देईल का तो, बाई? हाकलून देईल. तेच विचारा ना यांना. आम्ही जेवलो नसतो, नुसतं होडीत बसवा म्हणालो असतो, तर बसवलं असतं का आपुलकीने?"

सदस्यबाईंनी वाडीवाल्याकडे पाहिलं. "बसवलं असतं का?"

"मॅडम, असं... तसं कसं... ते तर जेवणाऱ्या लोकांसाठी असतं."

त्याच्या वकिलाने त्याचा शर्ट खाली ओढला. उशीर झाला होता.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्ही आत्ता म्हणालात, एक पैसाही दिला नाही. बाई म्हणतात, थाळीच्या भावात होडी धरलेली होती. यातलं खरं काय?"

सेक्रेटरी माझ्याकडे बघत होता. मला दिसत होतं की आज रात्रीपर्यंत हे बिल्डिंगच्या शेवटच्या मजल्यापर्यंत पोचणार. बायको मात्र समोर बघत उभी होती, माझ्याकडे नाही.

"बाई म्हणतात ते," मी म्हटलं. "होडी फुकट नव्हती. तिच्यासाठी मी थाळीचा भाव सोडला. सोसायटीत मी सांगितलं, ते ऐटीत सांगितलं."

"अरेच्या!" सेक्रेटरी मोठ्याने म्हणाला. त्याला खरोखर धक्का बसला होता. वाघ वगैरे म्हणून टाळ्या वाजवलेल्या माणसाने भाजीवाल्याकडच्या गिऱ्हाइकासारखी कोथिंबीर घेतली होती, हे त्याला तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

परत येताना ठाण्याच्या एसटी स्टँडवर बायकोने विचारलं, "वकिलांनी एवढं सांगूनही तुमच्या तोंडून ते आलंच कसं?"

"आलं."

"माझा हात तिथे होता."

बस आली.

निकाल पुढे काही महिन्यांनी लागला. इंग्रजीत होता. त्याच माळ्यावर, खालून रॉकेलचा वास येत असताना, वकिलाने तो मराठीत सांगितला. होडीची फेरी जेवणाच्या भावात धरलेली होती, म्हणून ती विकत घेतलेली सेवा. होडी तांडेलाची असली तरी गिऱ्हाइकं वाडीवाल्याची, डिझेल वाडीवाल्याचं आणि एकाच फेरीचा हुकूमही त्याचाच. तांडेलाने आपणहून मंचापुढे ते सगळं जसं झालं तसं सांगितलं होतं. म्हणून जबाबदारी वाडीवाल्याची. आणि हात बाहेर काढल्याचं म्हणाल, तर सहलीला आलेल्या माणसाला होडी धक्क्याला लागताना काय होतं हे माहीत असायचं कारण नाही. ते माहीत असायला हवं पैसे घेऊन त्याला होडीत बसवणाऱ्याला. बाईंची त्यात चूक नाही.

"ते शेवटचं परत वाचा," बायको म्हणाली.

वकिलाने परत वाचलं.

"आणखी एकदा."

तो कुरकुरला नाही. त्याने पुन्हा वाचलं.

मला वाटलं, आता संपलं. पण वाडीवाल्याचा निरोप आला, अपिलात जाण्याआधी एकदा भेटू. त्याच्या वकिलाच्या ऑफिसबाहेरच्या जिन्यावर तो आम्हा दोघांना भेटला. तोंडभर हसला. म्हणाला, "शेठ, अपील म्हणजे तुमचेपण बूट झिजणार, माझेपण. मधलं काहीतरी करू. थोडं खाली या. आता बघा, अंगठा तर शाबूत आहे ना भाभींचा? अंगठा असला की कैची पकडता येते. डावा हात तर पूर्ण आहे. दोन बोटांचं एवढं कोण देतं?"

मी आयुष्यभर दारं अशीच घेतली. बिजागरी गेलीय, पण कडी आहे. खालची फळी सडलीय, वरची चालेल. कोपरा तुटलाय, एवढे कोण देतो? माझेच शब्द, माझाच सूर, तशीच ती मान तिरपी करून मालाकडे बघण्याची तऱ्हा. फक्त त्याच्या नजरेसमोर माझ्या बायकोचा हात होता. मी त्याच्या कॉलरला हात घातला, आणि तेवढ्यात बायकोने त्याच हाताने, उरलेल्या बोटांनी, माझं मनगट धरलं.

"सोडा त्यांना." मग ती वाडीवाल्याला म्हणाली, "तुम्हाला मधलं करायचंय ना? करू. मी खाली येते. तुम्ही म्हणाल तिथपर्यंत येते. आधी एक सांगा. चूक कुणाची होती?"

मी थक्क होऊन तिच्याकडे बघितलं. म्हणाल तिथपर्यंत! असा सौदा माझ्या आयुष्यात मी कधी ऐकला नव्हता. एका वाक्याच्या बदल्यात ती सगळं सोडायला तयार होती, आणि वाडीवाल्याला ते वाक्य फुकटात पडणार होतं.

त्याने तोंड उघडलं. मग आपल्या वकिलाच्या दाराकडे पाहिलं. वकील दारात उभा होता, त्याने मान हलवली, नाही. वाडीवाल्याने तोंड मिटलं.

"मग भाव कशाचा करताय?" बायको म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

तो अपिलात गेला नाही. मंचाने ठरवली होती ती रक्कम पूर्ण आली. एक पैसा कमी नाही. लोक म्हणतात, शेठ, जिंकलात की! मी काय बोलणार? तिला जे हवं होतं ते त्याच्याकडे होतं, त्याला काही खर्च नव्हता, आणि त्याने दिलं नाही. उत्तनच्या रस्त्यावर तो पुढे कधीमधी समोर यायचा. लांबून हात जोडायचा, हसायचा, "भाभी बऱ्या आहेत ना?" विचारायचा. चूक कुणाची, ते त्याने अजूनही सांगितलेलं नाही.